ती सोनेरी ड्रेसवाली मुलगी कोण, असं विचारणाऱ्या पालकांसाठी

२०२५ च्या गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी मी आमच्या स्केटिंगच्या बॅचच्या पालकांच्या ग्रुपवर बोस्टनच्या फिगर स्केटिंग वर्ल्ड चॅम्पियनशिपचा एक व्हिडिओ टाकला. बर्फावर सोनेरी ड्रेसमधली एक मुलगी, जुनं डिस्को गाणं, चार मिनिटं. त्यावरचे प्रश्न अजून थांबलेले नाहीत. ही कुठली? वय काय हिचं? कितव्या वर्षी सुरू केलं? रोज किती तास करते? एका आईने विचारलं, हसताना हिच्या दातांवर काय चमकतं? आणि सोनगीरहून लेकीला मोटरसायकलवर घेऊन येणाऱ्या बाबांनी विचारलं, "मॅडम, आपल्या पोरी असं कधी करतील?"

एकेका ओळीत उत्तर देऊन भागेना. एप्रिल लागल्यापासून सकाळी आठच्या पुढे कोर्टवर उभं राहवत नाही, दुपार मोकळीच असते. म्हणून त्या मुलीबद्दल, अमेरिकेच्या अलिसा ल्यूबद्दल, सगळं एकदाच लिहून काढते.

मला न ओळखणाऱ्यांसाठी: मी धुळ्यात, देवपुरात, एका शाळेच्या सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टवर मुलांना रोलर स्केटिंग शिकवते. बर्फावर मी कधी उभी राहिलेली नाही. आमच्याकडे बर्फ म्हणजे गोळ्याच्या गाडीवरचा. पण रोलरमध्येही आर्टिस्टिक स्केटिंग असतं, आणि त्यातल्या उड्यांची नावं बर्फावरच्याच उड्यांची: ॲक्सल, लुट्झ, फ्लिप, सालकाव. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत अनुप कुमार यामा यांनी याच प्रकारात भारताला ब्राँझ मिळवून दिलं होतं. चाकांवर एक साधी लुट्झ शिकवताना किती घाम निघतो हे मला ठाऊक आहे, म्हणून ती मुलगी काय करते ते पाहताना मला पायात कळतं.

तर अलिसा ल्यू. जन्म ८ ऑगस्ट २००५, कॅलिफोर्निया. पाच भावंडांत थोरली, धाकट्यांत तिळी. वडिलांनी, आर्थर ल्यू यांनी, सरोगसीच्या मार्गाने ही पाचही मुलं जन्माला घातली आणि वाढवली. हे वडील मूळचे चीनमधल्या सिचुआनच्या डोंगरातल्या खेड्यातले. १९८९ मध्ये विद्यार्थ्यांचं आंदोलन झालं त्यात ते होते. आंदोलन चिरडलं गेल्यावर देश सोडून अमेरिकेत आले, तिथे शिकून वकील झाले. त्यांना अमेरिकेची नामवंत स्केटर मिशेल क्वान फार आवडायची, म्हणून पाच वर्षांच्या अलिसाला त्यांनी ओकलंडच्या बर्फाच्या रिंकवर नेलं. तिथे लॉरा लिपेट्स्की नावाच्या कोचकडे ती शिकू लागली आणि पुढची कितीतरी वर्षं त्यांच्याकडेच शिकली.

"कितव्या वर्षी सुरू केलं" याचं उत्तर हे: पाचव्या. पण हे वाचून लगेच चार वर्षांच्या धाकट्याला घेऊन येऊ नका. पुढचं वाचा.

जानेवारी २०१९, डेट्रॉइट. अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा. अलिसा १३ वर्षांची, उंची ४ फूट ७ इंच. शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, म्हणजे पहिल्या छोट्या फेरीत, एक ट्रिपल ॲक्सल, फ्री स्केटमध्ये, म्हणजे दुसऱ्या मोठ्या फेरीत, दोन, आणि ती सीनियर गटाची राष्ट्रीय विजेती झाली. त्याआधी सगळ्यांत लहान विजेती तारा लिपिन्स्की होती, १९९७ मध्ये, १४ वर्षांची. बक्षीस समारंभाचा व्हिडिओ नक्की पाहा. पोडियमची मधली पायरी इतकी उंच की अलिसाला चढता येईना. दुसऱ्या आणि तिसऱ्या आलेल्या ब्रेडी टेनेल आणि मरायाह बेल, दोघी मोठ्या मुली, त्यांनी तिला हात देऊन वर घेतलं. आमच्या सासूबाई साक्री तालुक्यातल्या, अहिराणीच बोलतात. त्यांना हा व्हिडिओ दाखवला तर म्हणाल्या, "कितली ल्हान पोर शे व ही! तिना बाप कोठे शे?"

ट्रिपल ॲक्सल म्हणजे काय, हे थोडं समजावून सांगते, नाहीतर पुढचं पटणार नाही. बाकीच्या सगळ्या उड्या मागे सरकत असताना मारतात. ॲक्सल एकटी अशी की पुढे तोंड करून उडायचं आणि मागे तोंड करून उतरायचं. म्हणून तिच्यात अर्धा फेरा जास्त असतो. ट्रिपल म्हटली तरी साडेतीन फेरे. हवेत मिळणारा वेळ एका सेकंदापेक्षाही कमी. तेवढ्यात साडेतीन वेळा फिरायचं तर अंग आवळून घ्यावं लागतं. आमच्या क्लासमध्ये हे मी शाळेच्या ऑफिसातली फिरती खुर्ची आणून दाखवते. हात पसरून खुर्चीत बसायचं, कोणीतरी खुर्ची गरकन फिरवायची, आणि मग हात छातीशी घ्यायचे. खुर्चीचा वेग एकदम वाढतो, पोरं किंचाळतात. अंग जितकं बारीक, जितकं आवळलेलं, तितकं फिरणं सोपं. १३ वर्षांच्या, खांदे आणि कंबर अजून भरलेली नाही अशा मुलीचं शरीर या कामाला फार सोयीचं असतं. वर्षा-दोन वर्षांत उंची वाढते, वजन वाढतं, कंबर रुंदावते, आणि जी उडी झोपेतही यायची ती हातातून निसटते. यात मुलीचा आळस नसतो, सराव कमी पडलेला नसतो. हाडं वाढलेली असतात, एवढंच.

ऑगस्ट २०१९ मध्ये लेक प्लॅसिडच्या ज्युनियर ग्रां प्रीमध्ये अलिसाने क्वाड लुट्झ मारली, म्हणजे चार फेरे. स्पर्धेत क्वाड मारणारी ती पहिली अमेरिकन मुलगी. आणि एकाच प्रोग्रॅममध्ये ट्रिपल ॲक्सल आणि क्वाड दोन्ही करणारी जगातली पहिली मुलगी. गुणांच्या तक्त्यात क्वाड लुट्झची मूळ किंमत ११.५, ट्रिपल ॲक्सलची ८, साध्या ट्रिपल लुट्झची ५.९. हे आकडे पाहिले की कोवळ्या मुलींकडून क्वाड का करून घेतल्या जात होत्या ते लगेच कळतं. जानेवारी २०२० मध्ये ती पुन्हा राष्ट्रीय विजेती झाली. त्याच वर्षी ज्युनियर वर्ल्डमध्ये ब्राँझ.

मग कोविड आला, रिंक बंद झाले, कोच बदलले, उंची वाढली. २०२१ च्या राष्ट्रीय स्पर्धेत ती चौथी आली. १५ वर्षांची मुलगी देशात चौथी येते आणि लोक म्हणतात, संपली. मला याचा राग येतो. आपल्याकडेही जिल्ह्याच्या स्पर्धेत मागच्या वर्षी पहिली आलेली मुलगी या वर्षी तिसरी आली की स्टँडवरून परतताना मायबाप तिच्याशी बोलत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

तरी तिने सप्टेंबर २०२१ मध्ये जर्मनीतली नेबलहॉर्न ट्रॉफी जिंकली आणि बीजिंग ऑलिंपिकसाठी अमेरिकेला मुलींची तिसरी जागा मिळवून दिली. ऑलिंपिकला तीन महिने उरलेले असताना पुन्हा कोच बदलले, घर सोडून कोलोरॅडोला सराव. जानेवारी २०२२ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या मधेच कोविड झाला, शॉर्ट प्रोग्रॅमनंतर माघार घ्यावी लागली. आधीच्या कामगिरीवर तिला ऑलिंपिकच्या संघात घेतलं. बीजिंगला ती सातवी आली. नंतर रशियाची कामिला वालिएवा डोपिंगच्या प्रकरणात बाद झाल्यावर सहावी. मार्च २०२२ मध्ये फ्रान्समध्ये माँपेलिएच्या वर्ल्डमध्ये ब्राँझ. त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट बाहेर आली: चीन सरकारसाठी अमेरिकेत पाळत ठेवल्याच्या आरोपावरून काही जणांवर खटले भरले गेले, आणि ज्यांच्यावर नजर होती त्यांत आपण आणि आपली मुलगीही होतो, असं आर्थर ल्यू यांनी सांगितलं. १६ वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर हे सगळं एकाच वेळी.

एप्रिल २०२२ मध्ये तिने इन्स्टाग्रामवर लिहिलं की मी निवृत्त होते आहे. वर्ल्डचं मेडल गळ्यात पडून महिनाही झाला नव्हता.

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण पालकांच्या ग्रुपवर हे लिहिलं की सगळ्यांना वाटतं काहीतरी बिनसलं असणार. दुखापत, भांडण, पैसा. तिने सांगितलं ते एवढंच की जे करायचं ठरवलं होतं ते झालं, आता पुढचं आयुष्य बघायचं आहे. मला हे कारण पूर्ण वाटतं. पाचव्या वर्षापासून रोज रिंक. शाळा बरीचशी घरूनच. भावंडांबरोबर सुट्टी नाही, सहल नाही. ज्या वयात आपल्या मुली मैत्रिणीच्या घरी अभ्यासाला म्हणून जातात आणि नुसत्या हसत बसतात, त्या वयात तिच्या दिवसाचा तास न् तास दुसऱ्यांनी आखलेला. ती म्हणाली थांबते, आणि थांबली.

मग तिने काय केलं? एव्हरेस्ट बेस कॅम्पपर्यंत चालत गेली. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात मानसशास्त्र घेतलं. भावंडांबरोबर राहिली. रिंककडे जवळजवळ दोन वर्षं फिरकली नाही.

२०२४ च्या सुरुवातीला ती मैत्रिणींबरोबर बर्फात स्कीइंगला गेली. डोंगरावरून वेगाने खाली येताना तोंडावर लागणारं गार वारं, पायाखालची घसरण, तिला खूप दिवसांनी तसं काहीतरी वाटलं. परत आल्यावर ती साध्या पब्लिक सेशनला, तिकीट काढून येणाऱ्या पोराटोरांच्या गर्दीत, रिंकवर उतरली. आणि उड्या आल्या. डबल ॲक्सल आली, ट्रिपल सालकाव आली.

हे वाचून मी किती वेळ फोन हातात धरून बसले होते. आमच्या धंद्यात एक गोष्ट पोरांना पुन्हा पुन्हा सांगावी लागते: आधी कड. बर्फाच्या स्केटचं पातं खालून सपाट नसतं. मधोमध लांब खोबण असते आणि दोन्ही बाजूंना दोन कडा, आतली आणि बाहेरची. सरळ उभं राहिलं तर दोन्ही कडा टेकतात. घोटा किंचित कलला की एकच कड धरते आणि वळण सुरू होतं. आमच्या चार चाकांच्या स्केटमध्येही तेच. पाय कलला की आतली किंवा बाहेरची दोन चाकं जोर घेतात. नव्या पोरांना हे कंटाळवाणं वाटतं. त्यांना उडी मारायची असते, आईला रील करायची असते. मी महिनोन् महिने त्यांच्याकडून एका पायावर, बाहेरच्या कडेवर, मागे सरकत अर्धवर्तुळं काढून घेते. खडूने कोर्टवर रेघ मारून देते, चाक रेघेवरून सुटता कामा नये. उंची वाढली, वजन वाढलं, दोन वर्षं बंद पडलं तरी हे शिक्षण पाय विसरत नाही. अलिसाच्या पायात ते लिपेट्स्की बाईंनी पाचव्या वर्षापासून भरलं होतं. क्वाड गेली, कड राहिली.

परत यायचं ठरवल्यावर तिने फिलिप डिग्युलिएल्मो या आपल्या जुन्या ओळखीच्या कोचना फोन केला. त्यांनी आधी तिची समजूत घालायचा प्रयत्न केला की नको येऊस. चांगलं शिकते आहेस, आयुष्य सुरळीत चाललं आहे, कशाला पुन्हा? ती ऐकेना. मग ते आणि मासिमो स्काली तिच्याबरोबर उभे राहिले. पण या वेळी गाणं ती निवडणार, ड्रेस ती ठरवणार, किती सराव करायचा आणि कधी थांबायचं तेही तीच सांगणार. वडील स्केटिंगच्या निर्णयांतून बाजूला झाले. ज्या माणसाने पोटाला चिमटा घेऊन लेकीला घडवलं, तिच्यासाठी कोच शोधले, बदलले, त्याला हे किती जड गेलं असेल. मला आर्थर ल्यू यांच्याबद्दल वाईट लिहायचं नाही. त्यांनी नेलं नसतं तर ती रिंकवर गेलीच नसती. पण दुसऱ्यांदा ती स्वतःच्या पायांनी गेली आणि त्यांनी तिला जाऊ दिलं. बापमाणसासाठी दोन्ही मोठी कामं आहेत, दुसरं बहुधा जास्त अवघड.

दातांवर चमकतं त्याचं उत्तर इथेच देते: वरच्या ओठाच्या आत, हिरडीजवळ, तिने टोचून घेतलं आहे. केसांत सोनेरी रंगाची गोल वलयं रंगवलेली आहेत, ती झाडाच्या खोडातल्या वलयांसारखी वर्षागणिक वाढवते म्हणे. ज्या आईने विचारलं तिला माझं सांगणं, लेकीने नाकाऐवजी भलतीकडे टोचायचा हट्ट धरला तर ते मला विचारू नका, मी फक्त स्केटिंग शिकवते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बुडापेस्टला छोट्या स्पर्धेत ती उतरली आणि जिंकली. जानेवारी २०२५ मध्ये विचिटाला राष्ट्रीय स्पर्धेत अंबर ग्लेनच्या मागे दुसरी. त्या स्पर्धेला जोडूनच होतकरू मुलांचं शिबिर होतं. शिबिराहून परतणारं विमान २९ जानेवारीला वॉशिंग्टनजवळ लष्करी हेलिकॉप्टरला धडकलं. ६७ माणसं गेली. त्यांतली २८ स्केटिंगमधली: लहान मुलं, त्यांचे आईवडील, कोच. बोस्टनच्या क्लबची माणसं त्यांत होती आणि वर्ल्ड चॅम्पियनशिप दोनच महिन्यांनी बोस्टनमध्येच होती. शिबिराला मुलांना घेऊन जाणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. रात्रीची एसटी, मांडीवर स्केटच्या पिशव्या, खांद्यावर झोपलेली पोरं. ती बातमी आली त्या दिवशी मी कोणाला काही बोलले नाही, क्लास घेतला आणि घरी आले.

आता बोस्टन. शॉर्ट प्रोग्रॅममध्ये अलिसा पहिली, ७४.५८. फ्री स्केटमध्येही पहिली, १४८.३९. एकूण २२२.९७. दुसरी जपानची काओरी साकामोतो, सलग तीन वर्षांची जगज्जेती. तिसरी जपानचीच मोने चिबा. अमेरिकेच्या मुलीने वर्ल्ड जिंकण्याची २००६ मधल्या किमी माइस्नरनंतरची ही पहिली वेळ.

आणि मला तुम्हाला मुद्दाम दाखवायचं आहे ते हे: या प्रोग्रॅममध्ये क्वाड नाही. ट्रिपल ॲक्सलसुद्धा नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी जे करून ती जगात पहिली ठरली होती त्यातलं काहीच तिने १९ व्या वर्षी केलं नाही, आणि जगज्जेती झाली. ज्या ट्रिपल होत्या त्या सगळ्या नीट उतरल्या. उतरताना गुडघा मऊ, मागचा पाय लांब, वेग तसाच पुढे वाहता. प्रत्येक उडीला परीक्षक उणे ५ ते अधिक ५ अशी श्रेणी देतात. नीट उतरलेली साधी उडी घसरत उतरलेल्या अवघड उडीला मागे टाकू शकते. त्यातून प्रोग्रॅमचे गुण वेगळे: संगीताशी जुळणं, पावलांची गुंफण, सादरीकरण. ते गुण तेरा वर्षांच्या पोरीला मिळत नाहीत, कारण तिला उडीच्या आधी उडीचीच काळजी असते. बोस्टनमध्ये अलिसा उड्यांच्या मधल्या जागेत नाचत होती. शेवटाकडे गाण्याचा ठेका वाढतो तिथे प्रेक्षक उभे राहिले, आणि तिचं तोंडभर हसू. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. म्हणाल्या, "ही तं हसी राह्यनी!" तो व्हिडिओ मी नंतर आवाज बंद करून पुन्हा पाहिला, फक्त पाय बघायला. तुम्हीही बघा. उडीनंतर बहुतेक जणी क्षणभर दम घेतात. ती घेत नाही. उतरलेल्या पायाची कड तशीच वळवून पुढच्या पावलात जाते.

आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने जून २०२२ मध्ये नियम बदलला. सीनियर गटात उतरायचं किमान वय १५ होतं ते एकेक वर्षाने वाढवून १७ केलं. मतदान १०० विरुद्ध १६. वालिएवा १५ वर्षांची असताना बीजिंगला डोपिंगचं जे प्रकरण झालं ते सगळ्या जगाने पाहिलं होतं. मला हा निर्णय फार बरा वाटला. माझ्यापुरता एक नियम मीही पाळते: दहा वर्षांच्या आतल्या मुलीकडून फेऱ्यांची संख्या वाढवण्याचा सराव करून घेत नाही, सिमेंटवर तर नाहीच. बर्फावर पडलं तर माणूस घसरत जातो, मार पसरतो. सिमेंटवर पडलं की जागच्या जागी बसतो. गुडघा, मनगट, माकडहाड. आमच्या कोर्टवर रोज खराटा मारल्याशिवाय कोणी स्केट घालत नाही. पांझरेकडून वारं सुटलं की बारीक वाळू येते. हरभऱ्याच्या डाळीएवढा खडा चाकाखाली आला तरी चाक जागीच अडतं आणि पोर तोंडावर. बेअरिंगमध्ये ती वाळू गेली की चाक कुरकुरतं. मग रविवारी सगळ्यांनी बेअरिंग काढायची, रॉकेलमध्ये बुडवायची, जुन्या ब्रशने घासायची, फडक्यावर वाळवून तेलाचा एकेक थेंब सोडायचा. हे काम पोरांनीच करायचं, पालकांनी नाही. ज्याने आपलं चाक स्वतः साफ केलं त्याला आपल्या चाकाचा आवाज कळतो.

आमच्या बॅचमधली एक मुलगी, नववीतली, दिवाळीनंतर म्हणाली, ताई, मी थांबते. पाय उत्तम, कडा स्वच्छ, विभागाला दोनदा निवडली गेलेली. तिच्या घरचे माझ्याकडे आले, तुम्ही समजवा म्हणून. मी समजावलं ते घरच्यांना. आता ती धाकट्या भावाला सोडायला येते, कठड्यावर बसते, कधी बसत नाही. तिच्या मापाचे स्केट मी दुसऱ्या कोणाला दिलेले नाहीत, कारण तसंही त्या मापाचं सध्या कोणी नाही. ती परत येईल असं मी कोणाला सांगत नाही, तिला तर विचारतही नाही. अलिसाची गोष्ट तिला पाठवू का, असं एका पालकांनी विचारलं. नका पाठवू. तिलाही मग वाटेल की आपण थांबलो ते परत येण्यासाठीच, आणि सगळे वाट बघताहेत. ती गणितात रमली आहे, रमू द्या.

सोनगीरच्या बाबांना मात्र नीट उत्तर द्यायला हवं. ते तांबटकाम करतात. दिवसभर पत्र्यावर हातोडा, आणि त्याआधी लेकीला घेऊन आग्रा रोडने अंधारात निघायचं, क्लास संपेपर्यंत मैदानाच्या कडेला उभं राहायचं. त्यांच्या तोंडी तो प्रश्न शोभतो. दादा, बर्फावर असं आपल्या पोरी लवकर करणार नाहीत. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी डेहराडूनला मोठं रिंक बांधलं गेलं. इथून तिथपर्यंत रोज सकाळी नेता येत नाही. पण चाकांवर तुमची लेक या महिन्यात डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर, मागे सरकत, अख्खं वर्तुळ काढू लागली आहे, एकदाही दुसरा पाय न टेकवता. तुम्ही त्या दिवशी उडीची वाट बघत होतात म्हणून तुमच्या ते लक्षात आलं नाही. पुढच्या वेळी उजव्या हाताला, पोलच्या बाजूला उभे राहा, तिथून पाय नीट दिसतात. तांब्याच्या पत्र्याला किती ठोके दिल्यावर गोलाई येते ते तुम्ही मला सांगू शकाल. हेही तसंच आहे.

रोज किती तास, या प्रश्नाचं उत्तर राहिलं. आमच्या बॅचला एक तास पुरतो. बारा वर्षांनंतर, मूल स्वतः म्हणालं तर, दीड.

बोस्टनच्या निकालावर अमेरिकेला ऑलिंपिकसाठी मुलींच्या तीन जागा मिळाल्या आहेत. इटलीतलं मिलान-कोर्टिना हिवाळी ऑलिंपिक २०२६ च्या ६ ते २२ फेब्रुवारीला. अलिसा तिथे दिसावी अशी माझी फार इच्छा आहे. हे लिहिते आहे तेव्हा, एप्रिल २०२५ मध्ये, संघ अजून ठरायचा आहे आणि अंबर ग्लेन, इझाबो लेविटो या बाकीच्या अमेरिकन मुलीही तगड्या आहेत. इटलीची वेळ आपल्या साडेचार तास मागे, म्हणजे तिकडची संध्याकाळ आपल्याकडे मध्यरात्र. बॅचच्या मुलींनी आत्तापासून ठरवलं आहे की फ्री स्केटच्या रात्री सगळ्यांनी आमच्या गच्चीवर झोपायचं आणि भिंतीवर प्रोजेक्टर लावायचा. फेब्रुवारीत धुळ्यात रात्री गारठा असतो, तेव्हा पांघरुणं घरून आणायची. शेवभाजीचं सासूबाई बघतील.